परदेशांतील भारतीय वकिलाती आणि आपला शेतकरी

१९५० सालच्या डिसेंबर महिन्यात वॉशिंग्टन येथील भारताच्या राजदूत श्रीमती विजयालक्ष्मी पंडित अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांकडे एक मागणी घेऊन गेल्या. मागणी होती वीस लाख टन धान्याची. त्या वर्षी देशात कोठे अवर्षण, कोठे महापूर, तर आसामात भूकंप अशी संकटांची मालिका लागली होती. सरकारी कोठारे रिती होत चालली होती आणि शहरांतील शिधा कमी करण्याची पाळी आली होती. मागणी डिसेंबरात झाली, परंतु तिला मान्यता देणाऱ्या कायद्यावर अमेरिकेच्या अध्यक्षांची सही होण्यास १९५१ सालचा १५ जून उजाडला. मध्यंतरीचे सहा महिने तेथील प्रतिनिधी-सभांत वादविवाद चालला होता. धान्य दान म्हणून द्यावे की कर्जाऊ, त्याच्या मोबदल्यात कोणत्या अटी घालाव्यात, भारताचे परराष्ट्र-धोरण आपणास मानवते की नाही, अशा अनेक प्रश्नांचा खल झाला. अखेरीस एकोणीस कोटी डॉलरांचे कर्ज मंजूर झाले व त्यातून गहू बोटीवर चढला. श्रीमती पंडित पुढे १९६२ साली महाराष्ट्राच्या राज्यपाल म्हणून मुंबईस आल्या, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. शिधापत्रिकेवर गहू घेणाऱ्या कुटुंबास या घडामोडींची वार्ताही नव्हती, आणि असण्याचे कारणही नव्हते. तथापि परदेशांतील वकिलातीचे काम आणि खेड्यातील चूल यांचा संबंध किती निकटचा असू शकतो हे या एका उदाहरणावरून ध्यानी यावे.

पंधरा वर्षांनी हाच प्रसंग अधिक कठीण स्वरूपात पुन्हा आला. १९५६ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या करारान्वये अमेरिकेचा शिलकी गहू ‘पी. एल. ४८०’ या नावाने आपल्याकडे येऊ लागला होता. १९६५ व १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. त्या वेळी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी वर्षावर्षाचा करार न करता थोड्याथोड्या धान्यास मंजुरी देण्याचे धोरण धरले. राजदूत श्री. ब्रजकुमार नेहरू यांना दर खेपेस नव्याने दार ठोठवावे लागे. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. बोट वेळेवर सुटली नाही तर पुढल्या महिन्याचे वाटप कसे करावयाचे, ही चिंता दिल्लीस होती तशीच ती वॉशिंग्टनमधील आपल्या वकिलातीसही होती. मेक्सिकोतील बुटक्या गव्हाचे बियाणे याच काळात आपल्या शेतात आले, आणि दुसऱ्याच्या दारी उभे राहण्याचा तो अध्याय हळूहळू मिटला. आज परिस्थिती उलटी झाली आहे. आता आपला माल दुसऱ्याच्या दाराशी जातो आणि तेथे तो आत घेतला जातो की नाही, हा प्रश्न असतो.

वकील, राजदूत आणि कौन्सल

परराज्यात आपला माणूस ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रास नवी नाही. पेशव्यांचे वकील दिल्लीस असत. हिंगणे घराण्याने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आणि त्यांचा पत्रव्यवहार आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. ‘वकिलात’ हा मराठी शब्द तेथूनच आला. स्वतंत्र भारताची परराष्ट्र-सेवा १९४६ च्या ऑक्टोबरात स्थापन झाली, आणि आज जगभर आपल्या वकिलाती व त्यांची उपकेंद्रे मिळून सुमारे दोनशे कचेऱ्या आहेत. राष्ट्रकुलातील देशांत वकिलातीस ‘उच्चायोग’ म्हणतात व तिच्या प्रमुखास ‘उच्चायुक्त’. लंडनला, नैरोबीला किंवा मॉरिशसमधील पोर्ट लुईला उच्चायुक्त असतो, आणि पॅरिसला, टोकियोला किंवा अबू धाबीला राजदूत. नाव निराळे असले तरी काम एकच.

राजधानीखेरीज इतर मोठ्या शहरांत जी कचेरी असते तिला सरकारी भाषेत ‘वाणिज्य दूतावास’ म्हणतात. अबू धाबीस राजदूत आणि दुबईस वाणिज्य दूत, अशी ती विभागणी असते. हे नाव काहीसे फसवे आहे. बंदरात उतरणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांची काळजी वाहण्यासाठी पूर्वी असे दूत नेमले जात, म्हणून त्यास वाणिज्याचे नाव चिकटले. आज मात्र या कचेरीच्या दाराशी जी रांग लागते ती बहुतांशी व्यापाऱ्यांची नसते. ज्याचे पारपत्र, म्हणजे पासपोर्ट, हरवले आहे तो. ज्याचा पगार थकला आहे तो. ज्याच्या मुलाचा जन्म परदेशी झाला आहे तो. आणि ज्याचा भाऊ तुरुंगात आहे तो, असे लोक तेथे येतात. आंबा-कांद्याच्या व्यापाराचे काम पाहणारा अधिकारी बहुधा वकिलातीच्या व्यापार विभागात बसतो.

या सर्वांच्या हक्कांचा व कर्तव्यांचा पाया म्हणजे व्हिएन्ना येथे झालेले दोन आंतरराष्ट्रीय करार होत. १९६१ सालचा करार राजदूतांविषयी आहे व १९६३ सालचा कौन्सलांविषयी. वकिलातीच्या आवारात यजमान देशाच्या पोलिसांनी परवानगीवाचून शिरू नये, तिची टपाल-थैली उघडू नये, तिच्या अधिकाऱ्यांस अटक करू नये, असे संरक्षण पहिल्या करारात आहे. त्याचबरोबर वकिलातीने यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नये, असे बंधनही त्यातच घातले आहे. हे दुसरे वाक्य खेड्यातील कार्यकर्त्याने विशेष लक्षात ठेवावे. वकिलातीकडून काय होऊ शकते आणि काय होऊ शकत नाही, याचा उलगडा त्यातून होतो.

पेटी दारातून परत येते तेव्हा

२०१४ च्या १ मेपासून युरोपीय संघाने भारताच्या आंब्यावर व चार भाज्यांवर बंदी घातली. वांगी, कारली, पडवळ आणि अळू या त्या भाज्या होत. कारण असे सांगण्यात आले की, आदल्या वर्षी भारतातून आलेल्या फळे-भाजीपाल्याच्या २०७ खेपांत फळमाशी व इतर उपद्रवी किडी सापडल्या होत्या. बंदी जाहीर झाली त्या वेळी कोकणात हापूसची तोडणी भर जोरात होती. लंडनमधील दुकानदारांनी मागणी नोंदवलेली होती, निर्यातदारांनी पेट्या भरावयास घेतल्या होत्या, आणि त्या मोसमापुरती युरोपची बाजारपेठ एकाएकी बंद झाली. निर्यातीसाठी निवडून ठेवलेले फळ मग येथल्याच बाजारात आणावे लागले.

अशा वेळी वकिलात काय करते? युरोपीय संघाचा कारभार बेल्जियममधील ब्रुसेल्स शहरातून चालतो, आणि तेथील आपल्या वकिलातीत शेती व सागरी उत्पादने हाच विषय पाहणाऱ्या सल्लागाराचे पद ठेवण्यात आले होते. सामान्यतः ज्या देशाचा माल अडतो त्याची वकिलात प्रथम यजमान अधिकाऱ्यांकडून आक्षेप लेखी मिळवते: कोणती कीड, कोणत्या खेपेत, कोणत्या प्रमाणपत्रावर. ते सर्व मायदेशी कळवते. मायदेशी दुरुस्ती झाली की तिचा पुरावा पुन्हा त्यांच्यापुढे मांडते, तपासणी-पथकास आमंत्रण देते, आणि ज्या समितीपुढे निर्णय व्हावयाचा तिच्या सभासद देशांच्या मनातील शंका एकेक करून दूर करण्याचा प्रयत्न करते. २०१४ च्या सप्टेंबरात युरोपचे तपासणी-पथक भारतात येऊन गेले. आपल्याकडील बांधबंदिस्ती पुरेशी सुधारली आहे असे त्यास आढळले, आणि २०१५ च्या जानेवारीत आंब्यावरील बंदी उठविण्याचे ठरले. भाज्यांच्या बाबतीत मात्र त्या वेळी तसा निर्णय झाला नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. राजदूत कितीही चतुर असला तरी पेटीतील अळी त्याला बोलून मारता येत नाही. बंदी उठली ती पॅकिंगगृहांतील तपासणी कडक झाली आणि फळमाशीचा बंदोबस्त करण्याच्या उपायांची खात्री पटविता आली म्हणून. वकिलातीने दार उघडे करवून घेतले. आत पाठवावयाचा माल मात्र बागायतदाराने, निर्यातदाराने आणि कृषी खात्याने मिळून नीट केला.

अमेरिकेच्या बाबतीत हे दार अठरा वर्षे बंद होते. आंब्याच्या कोयीत राहणारा भुंगा वरून दिसत नाही, फळ निर्दोष भासते, आणि गरम पाण्याच्या प्रक्रियेने तो खात्रीने मरत नाही, ही तेथील अधिकाऱ्यांची अडचण होती. यावर उपाय नाशिक जिल्ह्यातील लासलगावी निघाला. भाभा अणुसंशोधन केंद्राने तेथे २००२ साली ‘कृषक’ नावाचे विकिरण केंद्र सुरू केले होते. मूळ योजना कांद्यास मोड येऊ नयेत ही होती. त्याच केंद्रात आंब्यावर किमान ४०० ग्रे इतक्या मात्रेचा किरणोपचार करून पाठविण्याचे ठरले. २००६ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश भारतात आले तेव्हा दोन्ही सरकारांनी या गोष्टीस संमती दिली, आणि २००७ च्या एप्रिल-अखेरीस आंब्याची पहिली खेप अमेरिकेत उतरली. वर्तमानपत्रांनी त्या भेटीतील अणुकराराची चर्चा पुष्कळ केली. त्याच भेटीत कोकणच्या बागाईतदाराचेही एक काम झाले, हे त्या मानाने थोड्यांच्या लक्षात राहिले. २०२० साली महामारीमुळे अमेरिकेचे निरीक्षक येथे येऊ शकले नाहीत, आणि केवळ तेवढ्या कारणाने दोन मोसम ही निर्यात खंडित राहिली. २०२२ साली ती पुन्हा सुरू झाली.

जपानने १९८६ साली घातलेली बंदी २००६ साली उठविली. तेथे बाष्प-उष्णतेची प्रक्रिया मान्य झाली. असे प्रत्येक देशाचे नियम निराळे, मात्रा निराळी, कागद निराळा. आपल्या वकिलाती हे बदलते नियम वेळोवेळी कळवितात, आणि ‘अपेडा’ हे निर्यात-विकास प्राधिकरण ते निर्यातदारांपर्यंत पोहोचविते. त्यापुढील टप्पा, म्हणजे निर्यातदारापासून बागेपर्यंतचा, बऱ्याचदा अडतो. तेथे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम सुरू होते.

द्राक्षाची गोष्ट

नाशिक व सांगलीकडील द्राक्ष-बागायतदार २०१० सालाचा विषय निघाला की आजही हळहळतात. वेलीची वाढ आवरून घड लागण्यास मदत करणारे क्लोरमेक्वॅट क्लोराइड, ज्यास बागायतदार ‘सी.सी.सी.’ म्हणून ओळखतात, ते बागांत सर्रास वापरले जाई. निर्यातीपूर्वी ज्या रसायनांचे अवशेष तपासले जात त्या यादीत त्याचे नाव नव्हते. माल युरोपात पोहोचला आणि तेथील प्रयोगशाळांनी हे द्रव्य शोधून काढले. तेथील मर्यादा किलोमागे ०·०५ मिलिग्रॅम इतकी सूक्ष्म होती. कंटेनर बंदरांवर अडकले, खरेदीदारांनी हात आखडले, आणि ज्या शेतकऱ्याने शिफारशीबाहेर काही केले नव्हते त्याच्याही डोक्यावर कर्ज राहिले.

या प्रकरणी शेतकऱ्यास दोष देणे अन्यायाचे होईल. नियम लिहिलेला होता, पण तो बागेपर्यंत आलाच नव्हता. त्यानंतर हे द्रव्य तपासणीच्या यादीत घालण्यात आले. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र प्रतिवर्षी कोणते औषध वापरावे व काढणीपूर्वी किती दिवस ते थांबवावे, याची यादी प्रसिद्ध करते. ‘ग्रेपनेट’ या नोंदणी-पद्धतीमुळे युरोपातील दुकानात ठेवलेल्या पेटीवरून ती कोणत्या गावच्या कोणत्या प्लॉटमधून आली हे सांगता येते. आंब्यासाठी ‘मँगोनेट’ व डाळिंबासाठी ‘अनारनेट’ याच धर्तीवर आहेत. नोंदणी न केलेल्या बागेच्या मालासंबंधी परदेशात तक्रार उपस्थित झाली, तर वकिलातीस उत्तर देण्यास काही आधारच उरत नाही. बागायतदारास नोंदणीचे महत्त्व सांगताना हे कारण सांगावे. केवळ ‘शासनाचा नियम आहे’ एवढे म्हटल्याने कोणाचे समाधान होत नाही.

परदेशी अधिकारी एका भुंग्यासाठी इतका आग्रह का धरतात, असा प्रश्न शेतकरी साहजिकच विचारतात. त्याचे उत्तर आपल्याच बांधावर उगवलेले आहे. गाजर गवत, ज्यास लोक काँग्रेस गवत म्हणतात, ते पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आले. परदेशी धान्याबरोबर त्याचे बी आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पी. एल. ४८० च्या गव्हावर त्याचे खापर फोडण्याचा प्रघात आहे. पण तो करार १९५६ सालचा आहे, तेव्हा बी त्यापूर्वीच्या धान्यातून आले असावे हे उघड आहे. ते कोणत्याही बोटीतून आले असो, ते आजतागायत आपल्या पडिकात, रस्त्याकडेला व पिकांत पसरत आहे, आणि ते उपटणाऱ्या स्त्रियांच्या हातांना खाज सुटते. पेटीबरोबर जाणारे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र अशाच आपत्तीपासून बचाव करण्यासाठी असते. त्यामागील आंतरराष्ट्रीय करार १९५१ सालचा आहे. महाराष्ट्रात हे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार कृषी खात्याच्या ठराविक अधिकाऱ्यांसही दिलेला आहे. त्यांनी न पाहता सही केली तर परदेशात आपल्या राजदूताच्या शब्दास किंमत राहत नाही.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. २०२३ च्या डिसेंबरात कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली व ती मे २०२४ पर्यंत राहिली. या काळात बांगला देश, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका, मॉरिशस अशा देशांना ठराविक कांदा देण्याची सवलत सरकारने केली. शेजारी देशांचा कांदा आपल्यावर अवलंबून असल्याने त्यांच्या सरकारांकडून विनंती येते व ती बहुधा वकिलातींच्या मार्गाने जाते-येते. लासलगावच्या बाजारात भाव पडलेला पाहणाऱ्या शेतकऱ्यास यातून समाधान झाले नाही, हे मान्य केले पाहिजे. वकिलात माल विकण्याचा मार्ग शोधू शकते, पण देशाचे धोरण तिच्या हाती नसते. तसेच दुसऱ्या देशाचे धोरणही तिच्या हाती नसते. बांगला देशाने संत्र्यावरील आयात-शुल्क वाढविल्याचा फटका वऱ्हाडातील बागाईतदारांस बसला, तेव्हा ते शुल्क कमी करावे म्हणून विनंती करणे एवढेच आपणास शक्य होते.

रोम शहरातील आपली वकिलात ही शेतीच्या दृष्टीने काहीशी वेगळी आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना तेथे आहे आणि आपला राजदूतच तेथे देशाचा प्रतिनिधी असतो; त्याच्या मदतीस शेती विषयाचा स्वतंत्र अधिकारी असतो. श्री. बिनयरंजन सेन हे बंगालच्या दुष्काळात मदतकार्याचे आयुक्त होते, पुढे इटली, अमेरिका व जपान येथे राजदूत झाले, आणि १९५६ ते १९६७ पर्यंत या संघटनेचे महासंचालक होते. उपासमारीविरुद्धची जागतिक मोहीम त्यांच्याच कारकीर्दीत १९६० साली सुरू झाली. अलीकडे २०२३ हे वर्ष पौष्टिक तृणधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले गेले. हा प्रस्ताव भारताचा होता आणि २०२१ च्या मार्चमध्ये राष्ट्रसंघाच्या आमसभेने तो मान्य केला तेव्हा बहात्तर देशांनी त्यास पाठिंबा दिला होता. त्या वर्षी आपल्या वकिलातींनी आपल्या पंगतींत ज्वारी, बाजरी व नाचणीचे पदार्थ वाढले. सोलापूर-मंगळवेढ्याच्या ज्वारीस त्यामुळे किती गिऱ्हाईक मिळाले, हे मोजणे कठीण आहे. परंतु गरिबाचे अन्न म्हणून ज्याकडे पाहिले गेले ते राजदूताच्या टेबलावर आले, हेही थोडे नव्हे.

गावचा माणूस परदेशी असतो तेव्हा

माल परत आला तर पैसा बुडतो. माणूस अडकला तर घर उघडे पडते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड येथून आखाती देशांत कामास जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. गोव्यातील व कोकणातील खलाशी तर त्याहूनही आधीपासून जगभर फिरत आले आहेत.

दहावी उत्तीर्ण न झालेल्या माणसाच्या पारपत्रावर परदेश-गमनाची तपासणी आवश्यक असल्याची नोंद असते. अशा माणसास आखाती व इतर काही मिळून अठरा देशांत नोकरीस जाण्यापूर्वी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. १९८३ सालच्या कायद्याने ही व्यवस्था केली. मंजुरीसाठी नोकरीचा करार, पगाराचा आकडा व विम्याचे कागद पाहिले जातात. काही दलाल ही कटकट टाळण्यासाठी माणसास पर्यटकाच्या व्हिसावर पाठवितात व ‘तेथे गेल्यावर बदलून घेऊ’ असे सांगतात. हे वाक्य ज्याने ऐकले त्याने तेथूनच माघारी फिरावे. पर्यटक म्हणून गेलेल्याजवळ करार नसतो, आणि करार नसलेल्याचा पगार थकला तर वकिलातीस मालकापुढे ठेवण्यास कागद नसतो. दलाल परवानाधारक आहे की नाही हे केंद्र सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर पाहता येते. ग्रामपंचायतीच्या संगणकावर ते पाहण्यास फार वेळ लागत नाही.

मालकाने पारपत्र काढून घेतल्याची तक्रार नेहमी येते. पारपत्र हे धारकाचेही नव्हे व मालकाचेही नव्हे. १९६७ च्या कायद्याने ते भारत सरकारच्या मालकीचे आहे. ते अडकवून ठेवल्यास वकिलातीस कळवावे. हरवल्यास वकिलात मायदेशी परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देते. २००९ साली सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून अडचणीत सापडलेल्यांचा निवारा, तिकीट व काही प्रसंगी कायदेशीर साहाय्य यांचा खर्च वकिलात करू शकते. घरच्या माणसांना ‘मदद’ या संकेतस्थळावर २०१५ पासून तक्रार नोंदविता येते. तेथे मिळणारा क्रमांक जपून ठेवावा, कारण पुढील सर्व पत्रव्यवहार त्यावरच चालतो.

युद्ध पेटले म्हणजे या कचेऱ्यांची खरी कसोटी लागते. १९९० साली इराकने कुवेत घेतले तेव्हा तेथील लाखाहून अधिक भारतीय जॉर्डनमधील अम्मानमार्गे विमानांनी परत आणण्यात आले. २०२२ साली युक्रेनमधून बावीस हजारांहून अधिक भारतीय परत आले. त्यांत बहुसंख्य विद्यार्थी होते व महाराष्ट्रातील मुले-मुलीही त्यांत पुष्कळ होती. पोलंड, रुमानिया, हंगेरी व स्लोव्हाकिया येथील आपल्या वकिलातींचे अधिकारी थंडीत सरहद्दीच्या नाक्यांवर उभे होते. ज्यांनी वकिलातीत आधी नाव नोंदविलेले असते त्यांचा शोध अशा वेळी लवकर लागतो.

कैदेत पडलेल्या माणसाविषयी अपेक्षा मात्र वाजवी ठेवावी. यजमान देशाचे न्यायालय वकिलातीच्या सांगण्यावरून निकाल बदलत नाही. १९६३ च्या कराराच्या ३६ व्या कलमान्वये वकिलातीच्या अधिकाऱ्यास कैद्यास भेटण्याचा, त्याच्याशी बोलण्याचा व त्यास वकील मिळवून देण्याचा हक्क आहे. हा हक्क कागदोपत्री राहू नये म्हणून भारत सरकारने महाराष्ट्रातील एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याच्या बाबतीत पाकिस्तानविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली, आणि १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने पाकिस्तानने या कलमाचा भंग केल्याचा निर्णय दिला.

पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीकडील आदिवासी शेतमजूर भाताची कापणी आटोपली की गुजरातच्या मासेमारी बोटींवर कामास जातात. समुद्रातील हद्द डोळ्यांस दिसत नाही. बोट पाकिस्तानच्या हाती लागली की खलाशी तेथील तुरुंगात जातात, आणि शिक्षेची मुदत संपल्यावरही कित्येकांना वाट पाहावी लागते. २००८ साली झालेल्या करारानुसार दोन्ही देश प्रतिवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी एकमेकांच्या ताब्यातील कैद्यांच्या व मच्छीमारांच्या याद्या एकमेकांस देतात. यादीत नाव आले म्हणजे माणूस जिवंत आहे हे घरी कळते. सुटका होण्यापूर्वी तो भारताचा नागरिक आहे याची खातरजमा करावी लागते. त्यासाठीची चौकशी दिल्लीहून राज्य सरकारकडे, तेथून जिल्ह्याकडे, आणि अखेर पाड्यावर येते. शिधापत्रिकेवर एक नाव, मतदारयादीत दुसरे, आणि बोटीच्या मालकाने सांगितलेले तिसरे, असे झाले म्हणजे कागद परत फिरतो व त्याबरोबर कैद्याचे काही महिनेही जातात. ज्या घरातील पुरुष बोटीवर जातो त्या घरचे ओळखपत्र, त्यावरील नाव व बोटीचा क्रमांक यांची नोंद तो निघण्यापूर्वीच ग्रामसेवकाने वहीत करून ठेवावी.

परदेशी मृत्यू झाल्यास पार्थिव आणण्यासाठी वारसाचे संमतिपत्र वकिलातीस पाठवावे लागते. मालक खर्च देत नसेल तर कल्याण निधीतून तो मिळू शकतो, परंतु संमतिपत्रावाचून वकिलातीस ना-हरकत दाखला देता येत नाही. हे पत्र घराण्यातील कोणी दिले तर चालते, अंत्यविधी तेथेच करावयाचा असल्यास काय लिहावे लागते, याचे नमुने वकिलातींच्या संकेतस्थळांवर असतात. मृताचे नाव पारपत्रावर असेल तसेच, अक्षराअक्षराने, त्यात लिहावे. गावात ज्या नावाने हाक मारतात ते लिहू नये. पत्नीचे नाव पारपत्रात घातलेले नसल्यास विवाहाचा दाखला सोबत जोडावा, आणि तो पूर्वी काढलेला नसेल तर ग्रामपंचायतीने त्याच दिवशी हालचाल करावी.